ओव्हनमधून काढलं म्हणजे सुकलं नव्हे: सच्छिद्र खनिजांतलं पाणी मोजताना या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या छोट्याशा टेस्टिंग लॅबच्या दारात दोन तऱ्हेची माणसं दिसायला लागतात. एक म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून वाळूची पिशवी घेऊन आलेलं पोरगं. त्याला रिपोर्ट आत्ताच्या आत्ता हवा असतो. दुसरा एम.एस्सी.चा विद्यार्थी, प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलेली. त्याला रिपोर्ट काल हवा होता. एकाच्या पिशवीत वाळू बांधणारी माती, म्हणजे बेंटोनाइट, दुसऱ्याच्या बाटलीत सूक्ष्म पोकळ्यांचं खनिज, म्हणजे झिओलाइट, पण चूक दोघांची एकच. दगडातलं पाणी म्हणजे टॉवेलमधलं पाणी, पिळलं, वाळत घातलं की गेलं, अशी दोघांचीही पक्की समजूत.

तसं नसतं. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आलेला माणूस अंधार पडला की आपणहून घरी जातो. महाद्वार रोडच्या गर्दीत अडकलेल्याला बाहेर पडायला वाट काढावी लागते. आणि तिथल्या जुन्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला बाहेर काढायचं तर वाडाच पाडावा लागतो. खनिजातल्या पाण्याचंही असंच. दोन कणांच्या मधलं पाणी फिरायला आलेलं. बारीक छिद्रांत, धन आयनांना धरून बसलेलं पाणी गर्दीत अडकलेलं. आणि तिसरं मुळात पाणी नसतंच, ते हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) रूपात खनिजाच्या भिंतीतच बांधलेलं असतं. तापवल्यावर ते पाणी होऊन बाहेर येतं आणि वाडा पडतो. तीन जागा, तीन वागणुकी. आपण काढतोय ते यातलं कुठलं, हे न विचारता ओव्हनचं दार उघडणाऱ्यांसाठी हा लेख.

एकशे दहा अंशांवरची श्रद्धा

माती १०५ ते ११० अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवायची, वजनातला फरक म्हणजे ओलावा. सिव्हिलच्या पोरांना हे इतकं पाठ असतं की झोपेतही सांगतील. मातीसाठी ठीक आहे, आयएस २७२० या माती-चाचणीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातच ते आहे. पण जिप्सम असलेली माती ८० अंशांच्या वर नेऊ नका, हेही त्याच मानकात लिहिलंय, आणि ती ओळ कोणी वाचत नाही. शुद्ध जिप्सममध्ये स्फटिकजल वजनाच्या जवळपास २१ टक्के. एकशे दहाला त्यातलं बहुतेक निघून जातं आणि रिपोर्टवर 'ओलावा' म्हणून छापलं जातं. हातात घेतली तर माती कोरडी ठणठणीत असते.

झिओलाइटमध्ये याच्या बरोबर उलट होतं. तिथं एकशे दहा अंश फार नाहीत, फार कमी आहेत.

फोर-ए या कृत्रिम झिओलाइटचं उदाहरण घ्या. त्यातली मोठी पोकळी साधारण ११ आँगस्ट्रॉमची (आँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आणि आत जायची खिडकी ४ आँगस्ट्रॉमच्या जवळपास. पाण्याचा रेणू पावणेतीन आँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे आरामात आत जातो. आत, रचनेच्या एका घटकात, बारा सोडियम आयन असतात आणि पूर्ण भरलं तर पाण्याचे सुमारे २७ रेणू. वजनाच्या हिशेबात बावीस टक्क्यांच्या घरात. पेल्यातल्या पाण्यात एका रेणूला साधारण चार शेजारी असतात आणि चौघांशी हायड्रोजन बंध. पोकळीत ते शेजार तुटतं. रेणूची ऑक्सिजनची बाजू सोडियम धरून ठेवतो आणि हायड्रोजनची बाजू भिंतीतल्या ऑक्सिजनकडे वळते. ही पकड साध्या पाण्याच्या आपसातल्या पकडीपेक्षा घट्ट. त्यामुळे पहिले रेणू सहज निघतात आणि शेवटचे चिकटून बसतात. एकशे दहाला, त्यातून पावसाळ्यातल्या दमट हवेचा ओव्हन असेल, तर झिओलाइट बऱ्यापैकी पाणी आत ठेवून तुमच्याकडे 'कोरडं' होऊन येतं.

१७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने स्टिल्बाइट ज्योतीत धरला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. त्यावरूनच ग्रीकमधून 'उकळणारा दगड' म्हणजे झिओलाइट हे नाव पडलं. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हाच स्टिल्बाइट मोत्यासारखी चमक घेऊन बसलेला असतो. नावातच सांगून ठेवलंय की बाबा, मला नीट तापव. तरी आपण भाकरीच्या तव्याइतकंही तापवत नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट, जुलै महिना. एक मुलगी फोर-एचे मणी घेऊन आली. हुशार होती, वही नीटनेटकी. मणी रात्रभर एकशे दहाला ठेवलेले, मग सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी राखणाऱ्या बंद भांड्यात, गार केलेले, मग वजन. तीन दिवस तिचे आकडे जुळत नव्हते आणि वजनकाटा बिघडलाय असं तिचं ठाम मत. माझा काटा बिघडलाय म्हटलं की मला राग येतो. म्हटलं, बस इथं, दाखवतो.

काट्यावर उघडं क्रुसिबल ठेवलं आणि दोघंही शेवटच्या आकड्याकडे बघत बसलो. चार दशांशांचा काटा. १०.०४१२. मग १०.०४१९. मग १०.०४३१. काट्याची दारं बंद, पंखा बंद, कोणी श्वाससुद्धा जोरात घेत नव्हतं, आणि आकडा रिक्षाच्या मीटरसारखा वर चाललेला. बाहेर पाऊस कोसळत होता, खोलीची आर्द्रता नव्वदीला टेकलेली. ती म्हणाली, "सर, हे थांबायचंच नाव घेत नाही की!"

थांबेल कसं? मणी हवेतलं पाणी ओढत होते. पण खरी गंमत त्याच्याही आधी, डेसिकेटरमध्ये झाली होती. झिओलाइट अर्धवट का होईना मोकळं झालं की त्याची पाण्याची ओढ सिलिका जेलपेक्षा जास्त असते, खासकरून हवा कोरडी असते तेव्हा. मणी आणि जेल एकाच बंद भांड्यात ठेवलेत तर रात्रभरात झिओलाइट जेलमधलं पाणी पिऊन घेतं. राखणदाराच्याच खिशात हात! सकाळी जेल छान निळं, म्हणजे कोरडं, दिसतं आणि आपल्याला वाटतं डेसिकेटर उत्तम चाललंय.

माझी पद्धत सांगतो, पुस्तकी नाही, सवयीची आहे. मणी एकावर एक येणार नाहीत इतका पातळ थर. मफल भट्टीत आधी तासभर शंभराच्या आसपास, मग हळूहळू तीनशेपर्यंत, तिथं चार तास. एकदम तीनशेला फेकायचे नाहीत, आतलं पाणी वाफ होऊन झिओलाइटलाच उकडून काढतं आणि रचना खराब होऊ शकते. गार करायचे ते झाकणाच्या काचेच्या वजनबाटलीत, आणि त्या बाटलीच्या शेजारी डेसिकेटरमध्ये सिलिका जेल नाही, ताजं तापवलेलं झिओलाइटच. वजन तीनदा. तिन्ही जुळले नाहीत तर चहा प्यायचा आणि पुन्हा. 'सर, एकदाच करूया ना' म्हणणाऱ्याला मी चहाही देत नाही.

पुरात भिजलेलं बेंटोनाइट

आता माझी सगळ्यात आवडती, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा अशी चढली होती की शिरोलीपाशी हायवेच बंद पडला. नदीकडच्या बाजूच्या एका फाउंड्रीच्या गोदामात पाणी शिरलं आणि कच्छहून आलेल्या बेंटोनाइटच्या पोत्यांचा खालचा थर भिजला. बेंटोनाइट भिजलं की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पोती फुगतात, शिवण उसवते, आतला माल खरवसासारखा थरथरीत होतो. यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. पापडाच्या चवडीसारखे पातळ थर, आणि पाणी दोन थरांच्या मधे शिरतं. कोरड्यात एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर, थराच्या जाडीसकट, १० आँगस्ट्रॉमच्या जवळ. पाण्याचा एक पदर गेला की साडेबाराच्या आसपास, दोन गेले की पंधरा-साडेपंधरा. सोडियमवालं असेल तर तिथं न थांबता आणखी फुगत जातं. कॅल्शियमवालं दोन-तीन पदरांपाशी अडतं, म्हणून तर फाउंड्रीला सोडा देऊन सोडियमवालं केलेलं चालतं. शिरोळच्या शेतकऱ्याला यातलं काही वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये त्याच्या काळ्या रानाला पाय जाईल एवढी भेग पडते आणि जूनच्या दोन पावसांत मिटते, ते याच खनिजाचं काम.

हे पाणी परतीचं आहे. जातं, येतं, पुन्हा जातं. भिजलेलं बेंटोनाइट पत्र्यावर पसरून उन्हात वाळवलं असतं, मग दळलं असतं, तर बराचसा माल वाचला असता. पण ऑगस्टात कोल्हापुरात ऊन कुठलं? आणि ऑर्डर अडकलेली. तिथल्या फोरमन मामांनी डोकं चालवलं. हीट ट्रीटमेंटची भट्टी रिकामी होती. माल ट्रेमध्ये भरला, साडेसहाशेला लावला आणि रात्रभर ठेवला.

आठवड्याने मामा माझ्याकडे आले. हातात दोन पिशव्या.

"सर, माती बघा की. कोरडी खणखणीत झालीया. पर मोल्ड उभाच राहीना, पॅटर्न काढला की कोपरा ढासळतोय."

"पाणी किती घालताय?"

"चार टक्क्याला जमेना म्हणून पाच केलं. मग सहा. आता कास्टिंगला ब्लो होल याय लागल्यात."

पिशवी उघडली आणि रंग बघूनच समजलं. मूळचा पिवळसर-राखाडी माल विटेच्या रंगाकडे झुकला होता. मामांनी पाणी काढलं नव्हतं, वाडा पाडला होता. थरांमधलं पाणी शंभर ते दोनशे अंशांच्या टप्प्यात निघून जातं. पुढे सहाशे-सातशेच्या पट्ट्यात थरांच्या आतले हायड्रॉक्सिल गट फुटतात. दोन गट मिळून पाण्याचा एक रेणू होऊन उडतो, एक ऑक्सिजन मागे राहतो आणि थर एकमेकांवर बसतात ते बसतात. मग वरून कितीही पाणी ओता, ते आत शिरत नाही. फाउंड्रीच्या भाषेत डेड क्ले. वितळलेल्या लोखंडाला लागलेल्या वाळूत ही थोडी थोडी रोजच तयार होते, म्हणून तर रोज नवं बेंटोनाइट घालावं लागतं. मामांनी ती टनावारी तयार केली होती. आणि मेलेली माती वाळू बांधत नाही, पण पृष्ठभागावर पाणी मात्र पिते. म्हणून त्यांचं पाणी चारावरून सहावर गेलं आणि त्या जादा पाण्याची वाफ कास्टिंगमध्ये भोकं पाडत होती.

जिवंत माती किती उरलीय हे दाखवणारी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची चाचणी मी मामांच्या समोरच लावली, कारण तोंडी सांगून मामांना पटत नाही. माती पायरोफॉस्फेटच्या पाण्यात उकळून मोकळी केली, ब्युरेटमधून निळं थेंब थेंब सोडलं, आणि प्रत्येक वेळी काचेच्या कांडीने एक ठिपका गाळणकागदावर. जोवर माती निळं आत ओढत असते तोवर ठिपका गडद आणि कडेचा ओला भाग स्वच्छ पाणीदार. मातीचं पोट भरलं की त्या ओल्या कडेला फिकट हिरवट-निळी झालर उमटते. कडेला डोळे लावून बसायचं, झालर दिसली की दोन मिनिटं ढवळून पुन्हा ठिपका घ्यायचा, टिकली तर खरी. नव्या मालाला कागदावर ठिपक्यांच्या तीन ओळी झाल्या. मामांच्या मालाला पहिल्या ओळीतच झालर. मामा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे भट्टीत घालून मीच मारली म्हना."

तेव्हापासून कोणी 'लवकर सुकवायला जरा टेंपरेचर वाढवू का' असं विचारलं की तो कागद दाखवतो. फ्रेम केलाय.

बेंटोनाइट सुकवायचं तर पातळ पसरा, शंभर-एकशे पाचच्या वर जाऊ नका, आणि घाई असेल तर नवं पोतं घ्या. भट्टीच्या डिझेलपेक्षा ते स्वस्त पडतं.

हवेची नोंद नसलेला एक्सआरडी

एप्रिलमध्ये एका मुलाने सोडियम बेंटोनाइटचा एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर काढायची चाचणी, करून आणला. यात रेघेचा कोन कमी म्हणजे अंतर जास्त. पहिली रेघ ७ अंशांच्या जरा वर. जुलैमध्ये त्याच बाटलीतला नमुना पुन्हा दिला, रेघ पावणेसहाच्या आसपास सरकलेली. त्याने प्रबंधात लिहून टाकलं की साठवणुकीत नमुन्याचं दुसऱ्या खनिजात रूपांतर झालं. गाइडनेही सही केली! खनिज तेच होतं. एप्रिलच्या हवेत थरांमधे पाण्याचा एक पदर होता, जुलैच्या हवेत दोन.

उपाय फुकटाचा आहे. मोजण्याआधी नमुना आठवडाभर ठरावीक आर्द्रतेत ठेवा. घरातल्या मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे तळाला न विरघळलेलं मीठ दिसतंय असं, बंद डब्यात ठेवलं की २५ अंशांना आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३ टक्के. माझ्याकडे दोन डबे आहेत, एकावर 'जुलै' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'एप्रिल'. आठवडा थांबणं हीच यातली एकमेव अवघड पायरी, आणि दहातले आठ तिथेच गळतात.

नायट्रोजनला दार उघडलंच नाही

फोर-एचं बीईटी (वायू चिकटवून पृष्ठफळ मोजायची चाचणी) करून पृष्ठफळ जवळपास शून्य आलं म्हणून संश्लेषण फसलं असं समजून माल फेकून देणारे मी आत्तापर्यंत तीन पाहिले. बीईटी नायट्रोजन वापरून उणे १९६ अंशांना करतात. नायट्रोजनचा रेणू साडेतीन आँगस्ट्रॉमच्या वर, आणि तेवढ्या थंडीत तो फोर-एच्या खिडकीतून आत सरकत नाही. पाणी मात्र सुखाने जातं. बेंटोनाइटचंही तेच: नायट्रोजनला कणाचं फक्त बाहेरचं अंग दिसतं, पाण्याला थरांच्या आतलंही. म्हणून एकाच मातीला नायट्रोजन ग्रॅममागे शंभराच्याही आत चौरस मीटर सांगतो आणि आतलंही मोजणारी पद्धत सातशे-आठशे. दोन्ही आकडे खरे. पाणी किती मावेल हे विचारायचं असेल तर पाण्यालाच विचारा, नायट्रोजनला कशाला?

हाच खिडकीचा हिशेब आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत रोज चालतो. नुसतं ऊर्ध्वपातन करून इथेनॉल साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडकतं. पुढचं पाणी काढायला थ्री-ए झिओलाइट लागतं. सोडियमच्या जागी पोटॅशियम आला की खिडकी ३ आँगस्ट्रॉमची होते, पाणी आत आणि इथेनॉल बाहेर. 'फोर-ए पडून आहे, तेच वापरू का?' हा फोन वर्षातून एकदा येतो. नको. थ्री-ए घ्या. आणि वाफेच्या टॉवरमध्ये द्रव इथेनॉल घुसू देऊ नका, मण्यांचा भुगा होतो.

एकेका ओळीत उरकण्यासारख्या

बॉक्साइटच्या वजनात भट्टीत होणारी घट म्हणजे ओलावा नव्हे. त्यातल्या गिब्साइट या खनिजात पाण्याचा एकही रेणू बसलेला नसतो, तरी तापवल्यावर वजनाचं जवळपास ३५ टक्के पाणी होऊन जातं. केओलिनचं तसंच, सुमारे १४ टक्के, पाचशेच्या आसपास.

टीजीएचा, म्हणजे तापवत नेताना घटणाऱ्या वजनाचा, आलेख दाखवून 'या खनिजातलं पाणी १४२ अंशांना निघतं' असं लिहू नका. मिनिटाला दहाऐवजी दोन अंशांनी तापवा, नमुना निम्मा घ्या, तुमचे १४२ कुठच्या कुठे सरकतात.

लोमोंटाइटचा सुंदर तुकडा एसी शोकेसमध्ये ठेवू नका. तो झिओलाइट खोलीच्या तापमानालाच थोडं पाणी सोडतो, पांढरा पडतो आणि बोटाने चुरतो. माझा गेला.

घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून 'छिद्रांतलं पाणी गोठवलं' असं म्हणू नका. ४ नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकाच्या छिद्रात बर्फ वितळतो तोच उणे तीसच्या आसपास, गोठायला त्याहूनही खाली जावं लागतं. तुमचा फ्रीजर उणे अठरा. आणि दोन नॅनोमीटरच्या आत गेलात की नेहमीसारखा बर्फ तयारच होत नाही.

किती आर्द्रतेला किती मोठं छिद्र पाण्याने भरेल हे सांगणारं केल्विनचं समीकरण वापरा, पण कुठवर ते बघून. ८० टक्के आर्द्रतेला सुमारे पावणेपाच नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतची छिद्रं पाण्याने भरतात, इथवर समीकरणाचं ऐकायचं. त्याच समीकरणाने झिओलाइटच्या पोकळीतलं पाणी काढणाऱ्याने आधी सांगावं की सत्तावीस रेणूंचा पृष्ठताण म्हणजे नेमकं काय.

तसंच कॉम्प्युटरवर पोकळी भरताना घनता १ धरून रेणू ओतणं. घनता ही गर्दीची गोष्ट आहे. खोलीत चार माणसं असताना 'प्रति चौरस मीटर गर्दी' काढण्यातला तो प्रकार.

'आत अडकलं म्हणजे थिजलं'

ही चूक हातांची नाही, डोक्यातली आहे, पण मला फार खुपते. गोठत नाही असं सांगितलं की पोरं म्हणतात, मग आत द्रव आहे. सोडियमने धरलंय म्हटलं की म्हणतात, मग आत घट्ट बसलंय. दोन्ही नाही. झिओलाइटमधले रेणू एका आयनाकडून दुसऱ्याकडे सरकत असतात, वळत असतात, तरी त्यांचं वागणं पेल्यातल्या पाण्यासारखं नसतं. घन की द्रव हा प्रश्नच मोठ्या जमावासाठी बनवलेला आहे.

गुजरीत सराफाकडे पाचू बघायला मिळाला तर आठवण ठेवा. पाचू म्हणजे बेरील, आणि बेरीलच्या आत ५ आँगस्ट्रॉमच्या लांबलचक नळ्या असतात. नैसर्गिक पाचूत त्या नळ्यांमधे पाण्याचे सुटे रेणू अडकलेले असतात, एकेकटे. फ्लक्स पद्धतीने (वितळलेल्या क्षारांतून वाढवून) बनवलेल्या कृत्रिम पाचूत ते नसतात, आणि इन्फ्रारेडने परीक्षा करणारे हाच फरक बघतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या मंडळींनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने अतिथंड बेरीलमधल्या अशा रेणूला तपासलं. तो नळीत सहा सारख्या जागांपैकी एका जागी बसलेला आढळला नाही. भिंत ओलांडायची ऊर्जा नसतानाही तो क्वांटम टनेलिंगने सहाही जागांवर एकदमच पसरलेला होता. एक रेणू, सहा जागा. आता याला द्रव म्हणा की घन म्हणा. मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कोरड्या झिओलाइटवर पाणी ओतणं

शेवटची चूक माझी स्वतःची आहे, लॅब उघडली त्या वर्षाची. तेरा-एक्स या झिओलाइटचे मणी तीनशेला तापवून, गार करून काचेच्या बरणीत भरले होते, किलोभर. एका गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं की बघा, केवढं पाणी पितं. बरणी डाव्या हातात धरली आणि तांब्याने पाणी ओतलं.

पाण्याची वाफ झिओलाइटमध्ये शिरताना जेवढी उष्णता सोडते ती साधी वाफ थंड होऊन पाणी होण्यापेक्षा बरीच जास्त असते. द्रव पाणी ओतलं तरी ही जास्तीची सगळी उष्णता एका झटक्यात बाहेर येते. आधी चर्रर्र आवाज झाला, फोडणीत कढीपत्ता टाकल्यासारखा. मण्यांतून हवेचे बुडबुडे उसळले, काही मणी टपाटप फुटले, आणि मी 'बघा' म्हणेपर्यंत तळहाताला चटका बसून बरणी टेबलावर आदळली. तळापासून गळ्यापर्यंत चीर. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं होतं.

दाखवायचंच असेल तर चार मणी बशीत घ्या, दोन थेंब टाका, बोट जवळ न्या. आता मीही तेवढंच करतो. चीर गेलेली ती बरणी अजून टेबलावर आहे, तिच्यात पेनं असतात. प्रोजेक्टच्या पोरांनी सही करायला पेन मागितलं की तिकडे बोट दाखवतो, आणि 'सर, ही फुटली कशी?' असं विचारणाऱ्याचा नमुना आधी लावतो.